दोनशे सत्तावन्न

"टॅनिया, कुठे आहेस तू?" डेन्झिल फोनवर जवळजवळ ओरडतच होता. मागे ॲम्ब्युलन्स कोकलत होती. "काशीमीऱ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया सुटलाय. तिथल्या कामगाराला, बबनला, आतून ओढून काढलं. श्वास चालू आहे, पण कसाबसा. आणि ऐक, आपला पॅनल वाजलाच नाही."

टॅनियाने विचारलं, "बंद पडला होता का?"

"बंद कुठला! हिरवा दिवा चालू, स्क्रीनवर गॅसचा आकडा दिसतोय, आणि भोंगा गप्प."

फोन संपला तरी तिचा हात कानापाशीच राहिला. हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात मोजकी माणसं मिळून गॅसचे पॅनल बनवायची. बर्फाचे कारखाने, कोल्ड स्टोरेज, जिथे जिथे थंडाव्यासाठी पाइपांतून अमोनिया फिरतो तिथे भिंतीवर हा डबा लागायचा. गॅस सुटला की सेन्सरला कळायचं आणि भोंगा बोंबलायचा. कधी बोंबलायचं हे ठरवणारा प्रोग्रॅम सी भाषेत होता, आणि तो टॅनियाने एकटीने लिहिला होता. डबा मुका झाला, तर बोट कुणाकडे वळणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दुपारी पोलीस आलेच. उपनिरीक्षक गिरिजा ठोंबरे पुढे, मागे एक हवालदार, आणि त्याच्या हातात सीलबंद पिशवीत काशीमीऱ्याच्या पॅनलचा बोर्ड.

"लॅबचा रिपोर्ट यायला महिने जातील," गिरिजा म्हणाली. "मला आज कळायला हवं. जे करायचं ते माझ्यासमोर, कॅमेऱ्यासमोर. शटर अर्धं खाली घ्या. कुणी बाहेर जायचं नाही."

गाळ्यात चौघंच होती. टॅनिया. दुसरा प्रोग्रॅमर निकेत, जो नखं कुरतडत बसला होता. काशीमीऱ्याहून घामाघूम परतलेला डेन्झिल, जो गिऱ्हाइकांकडे जाऊन पॅनल बसवायचा आणि दुरुस्त करायचा. आणि मालक गुणवंत म्हात्रे, पेणकरपाड्याचे. कंपनीचा पहिला पॅनल म्हात्र्यांनी फार वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी केला होता, प्रोग्रॅमसकट. तो आता दाराजवळ काचेच्या पेटीत होता. नव्या गिऱ्हाइकाला त्या पेटीपुढे दोन मिनिटं उभं केल्याशिवाय म्हात्रे चहा पाजत नसत.

गिरिजाने खुर्ची ओढली आणि नेमकी टॅनियासमोर ठेवली.

"पूर्ण नाव?"

"टॅनिया रेमंड डिमेलो. राहणार उत्तन."

"बोर्डमध्ये काही भरायचं तर केबल कुणाच्या कॉम्प्युटरला?"

"माझ्या."

"पासवर्ड?"

"माझाच. पण सगळ्यांना माहीत आहे. केबल एकच असल्यामुळे सगळे इथेच येऊन काम करतात."

"बरंय तुमचं. भोंगा उशिरा वाजावा अशी काही सोय आहे यात?"

"आहे. गॅस लागल्यावर किती मिनिटं थांबायचं ते प्रत्येक सेन्सरला वेगळं सांगता येतं. पण आम्ही शून्य ठेवतो. गॅस आला की लगेच वाजायचं."

"सगळीकडे शून्य?"

टॅनिया अडखळली. "एक जागा सोडून. उत्तनची बर्फ फॅक्टरी. तिथे मशीनमधलं जुनं तेल काढताना थोडा गॅस बाहेर येतोच. म्हणून तिसऱ्या सेन्सरला दोन मिनिटं दिली आहेत. माझे पप्पा तिथे मशीन चालवतात. त्यांनी मागितलं होतं."

"म्हणजे घरच्यांसाठी तुम्ही भोंगा मागे ढकललात."

"सरांना विचारून केलं, मॅडम. फक्त तेवढा एकच."

गिरिजाने ते वहीत टिपून घेतलं. खरं बोलताना सुद्धा माणूस चोरासारखा दिसू शकतो, हे तिला त्या घटकेला पुरतं कळलं.

"पोरगी हुशार आहे, मॅडम," गुणवंत म्हात्रे मध्येच बोलले, "पण घाईची. सी भाषेत एक टिंब इकडचं तिकडे झालं तर काय होतं, किती वेळा सांगितलं हिला. मी कोडला हात लावून जमाना झाला. नाहीतर मीच नजर टाकली असती."

"गॅस सुटल्यावर बबन बराच वेळ आत होता," गिरिजा म्हणाली. "कुणाला पत्ताच नव्हता."

"तेच तर मला समजत नाहीये." म्हात्र्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "मिनिटभराने का होईना, वाजायला तर हवा होता ना!"

गिरिजा डेन्झिलकडे वळली. "हे बोर्ड मध्यंतरी तुम्ही काढून आणले होते?"

"गेल्या महिन्यात. सगळ्यांचेच, साफसफाईला. इथेच टेबलावर पडून होते, मग मी परत बसवले."

"गिऱ्हाइकांच्या तक्रारी होत्या?"

"अरे बापरे, रोजच्या! दार उघडलं, जरासा वास आला की भोंगा. माल चढवणारे टाकून पळतात. काशीमीऱ्याचा मॅनेजर तर बोलला, ये डब्बा निकालो, दुसरी कंपनी का लगाएंगे. उत्तनवाल्यांचीही तीच बोंब."

"मग तुम्ही काय केलंत?"

"सरांच्या कानावर घातलं, निकेतलाही बोललो. मी काय करणार? मला कोड येत नाही. मला पॅनलची बटणं दाबून आकडा बदलता येतो, बस."

"निकेत, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही, मॅडम." निकेतचा आवाज चिरकला. "मी टॅनियाला सांगणार होतो, मग विसरलो. खरंच विसरलो."

गिरिजाने पिशवीचं सील फोडलं. "चला. दाखवा काय आहे यात."

टॅनियाने केबल लावली. पिन दोनदा चुकली.

"मेमरी म्हणजे खणांची लांबलचक रांग समजा," ती म्हणाली. बोलत राहिलं की भीती जरा मागे सरते, म्हणून ती बोलत होती. "एका खणात एक छोटा आकडा, फार तर दोनशे पंचावन्नपर्यंत. ही रांग बोर्डमधली, ही आमच्याकडची मूळ. आता कॉम्प्युटर खणाला खण लावून बघेल. सी भाषेत त्याला मेमकंपेअर म्हणतात."

स्क्रीनवर उत्तर उमटलं. शून्य.

"शून्य? म्हणजे नापास?" गिरिजाने विचारलं.

"उलट," निकेत पुटपुटला. "शून्य म्हणजे दोन्हींत काडीचा फरक नाही."

"म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमला बाहेरून कुणीच हात लावलेला नाही." गिरिजाने टॅनियाकडे रोखून पाहिलं. "जसा तुम्ही लिहिलात तसाच आहे. आणि माणूस आयसीयूत आहे."

टॅनियाला वाटलं, संपलं सगळं. उद्या उत्तनच्या चर्चबाहेर लोक काय बोलतील तेही तिला ऐकू यायला लागलं. मग एकदम तिच्या ध्यानात आलं.

"मॅडम, ही तुलना फक्त प्रोग्रॅमची झाली. सेटिंगचे खण जागेप्रमाणे वेगळे असतात, म्हणून ते आम्ही तपासतच नाही. मीच तसं लिहिलंय." शेवटचं वाक्य तिला जड गेलं. "ते वेगळे उघडून बघावे लागतील."

काशीमीऱ्याच्या पॅनलला आठ सेन्सर. आठही ठिकाणी शून्य मिनिटं हवी होती. स्क्रीनवर आली ती अशी: दोनशे सत्तावन्न, दोनशे सत्तावन्न, दोनशे सत्तावन्न. आठही तीच.

"दोनशे सत्तावन्न मिनिटं," गिरिजा सावकाश म्हणाली. "चार तासांच्या वर. तोवर आतलं माणूस वाचतं का? हे कुणीतरी ठरवून केलंय."

"पण दोनशे सत्तावन्नच का?" डेन्झिल म्हणाला. "कुणाला मारायचंच असेल तर तो राउंड फिगर टाकेल. पाचशे, हजार."

टॅनियाने आकडे बाजूला सारून नुसते खण उघडले. एक, एक, एक, एक. पुढेही एक. सगळ्या पट्टीत एकच एक. ती बघत राहिली, आणि तिचं डोकं त्या दिवसात पहिल्यांदा स्वच्छ चालायला लागलं.

सवयीने ती आणखी खाली गेली. सेटिंगच्या पुढची जागा रिकामी असते. कोऱ्या खणांत नुसते दोनशे पंचावन्न भरलेले असतात, वापर न झाल्याची खूण म्हणून. पण त्या कोऱ्या पट्टीच्या अगदी टोकाला कुणीतरी काहीतरी ठेवलं होतं. आठ आकडे. शून्य, शून्य, दोन. मग पुढे सगळी शून्यं.

तिसऱ्या जागी दोन.

"आई गं," टॅनिया म्हणाली.

"काय झालं?"

"हे काशीमीऱ्याचे आकडे नाहीत. तिसऱ्या सेन्सरला दोन मिनिटं एकाच ठिकाणी आहेत. मॅडम, हा तुकडा उत्तनच्या पॅनलमधून उचललाय. उत्तनचा पॅनल याच्याही आधी बिघडवलाय!" ती उभी राहिली, खुर्ची मागे पडली. "पप्पा आत्ता ड्युटीवर आहेत."

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. मशीनच्या खोलीत रेमंडला कानाशी तोफ उडाली तरी ऐकू येत नसे, आणि फोन तो बाहेरच्या बाकड्यावर शर्टाच्या खिशात ठेवून जायचा. परत लावला. परत तेच.

मग तिने आईला लावला. "मम्मी! फॅक्टरीत धाव. पप्पाला बाहेर काढ. तू आत जाऊ नको, दारातूनच हाक मार, तोंडाला ओला पदर धर. कोण कोण आत असेल त्या सगळ्यांना बाहेर काढ!"

"काय झाला गो?" ग्रेसी घाबरून म्हणाली. "तो तं सकाळपास्ना मशीनवर हाय."

"मम्मी, विचारू नको, पळ!"

गिरिजा तोवर उत्तनच्या पोलिसांशी बोलत होती. बोलणं संपवून ती वळली तेव्हा तिचाही चेहरा उतरला होता. उत्तन काही शेजारच्या गल्लीत नव्हतं. इथून जीप सोडली तरी वाटेतल्या ट्रॅफिकपुढे कुणाचं काही चालणार नव्हतं.

"ऐका सगळ्यांनी," ती म्हणाली. "कुणी केलं ते मागाहून बघू. आणखी कुठल्या कुठल्या पॅनलमध्ये केलंय ते आत्ता सांगा. तिथेही माणसं आहेत."

डेन्झिल निकेतकडे बघत होता, निकेत जमिनीकडे. म्हात्रे रुमालाची घडी घालत होते.

फोन कानाशी तसाच धरून टॅनिया म्हणाली, "मी विचारू का, मॅडम? एकच प्रश्न आहे."

"विचारा."

"निकेत, आठही सेन्सरना एकेक मिनिट द्यायचं असेल तर काय लिहिशील?"

"लूप लावीन. एकेक आकडा भरत जाईन."

"मेमसेट नाही वापरणार? एका ओळीत काम होतं."

"येडी झालीस का? मेमसेट खणाखणात भरतो. आपल्या नव्या बोर्डात एक आकडा दोन खणांचा आहे. दोन्ही खणांत एक पडलं तर..." निकेत थांबला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं. "आयला!"

"डेन्झिल, तू?"

"बटण दाबीन. एक, ओके. एक, ओके. आठ वेळा."

"आणि तसं केलं असतंस तर इथे नीट एक दिसला असता." टॅनिया गिरिजाकडे वळली. "मॅडम, दोन खणांतला उजवीकडचा सुटे मोजतो. त्यात एक म्हणजे एकच. डावीकडचा दोनशे छप्पनचे गठ्ठे मोजतो. त्यात एक म्हणजे दोनशे छप्पन. दोन्ही मिळून दोनशे सत्तावन्न. ज्याने हे केलं त्याला चार तास द्यायचेच नव्हते. त्याला एक मिनिट द्यायचं होतं. दार उघडल्यावर येणारा वास मिनिटभरात जातो, भोंगा वाजत नाही, गिऱ्हाईक खूश. त्याने मेमसेटला सांगितलं, एक भर. मेमसेटने प्रत्येक खणात एक भरला. त्याचं कामच ते."

"पण निकेत म्हणतो तशी ही चूक कुठलाही प्रोग्रॅमर ओळखेल," गिरिजा म्हणाली.

"नव्या बोर्डावर काम करणारा ओळखेल. ज्याचा हात जुन्या बोर्डावर बसलाय तो नाही." टॅनियाने दाराजवळच्या काचेच्या पेटीकडे बोट केलं. "त्या पॅनलमध्ये एक आकडा एकाच खणात मावायचा. तिथे मेमसेटने एक भरलं की एकच यायचा. इथे आल्यावर मी पहिल्यांदा तोच प्रोग्रॅम वाचला होता, सर. त्यात तुमची ही ओळ आहे. तिथे ती अगदी बरोबर आहे."

गुणवंत म्हात्रे हसायला गेले, पण ते जमलं नाही. "अगं, काहीतरीच काय! एका जुन्या ओळीवरून तू मला..."

"तेवढ्यावरून नाही. बोर्ड उघडायच्या आधी तुम्ही म्हणालात, मिनिटभराने का होईना, वाजायला हवा होता. तेव्हा उशीर घातलाय हेच कुणाला माहीत नव्हतं. आम्ही सगळे म्हणत होतो, वाजला नाही. एक मिनिट कुठून आणलंत तुम्ही?"

गिरिजाने हवालदाराकडे पाहिलं. त्याने मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे बघत मान डोलावली. ते वाक्य त्यात होतं.

"तुम्ही आधी उत्तनचा बोर्ड घेतलात," टॅनियाचा आवाज आता थांबत नव्हता. "मूळ आकडे मोडू नयेत म्हणून ते रिकाम्या कोपऱ्यात कॉपी करून ठेवलेत. सावध माणसाचं काम. मग वर सगळीकडे एक भरलात. काशीमीऱ्याची पाळी आली तेव्हा पुन्हा मेहनत कशाला, म्हणून उत्तनचा तो अख्खा तुकडा मेमकॉपीने उचलून इथे टाकलात. मेमकॉपी आत काय आहे ते बघत नाही, सर. वर भरलेले एक आले आणि कोपऱ्यातली माझ्या पप्पांची दोन मिनिटंही मागोमाग आली. आणखी कुठे टाकलंत ते सांगा. माझी आई तिथे धावत गेलीय!"

रुमाल म्हात्र्यांच्या हातातून सुटला.

"दोनच," ते म्हणाले. त्यांचा आवाज कुणाला ओळखू आला नसता. "शप्पथ घेऊन सांगतो, दोनच. बाकीच्यांना हात लावला नाही. मी एकच मिनिट दिलं होतं गं. एका मिनिटात काय होतंय? सगळी गिऱ्हाइकं चालली होती हातची. सकाळी डेन्झिलचा फोन आला तेव्हा मला खरंच वाटलं की चूक तुझ्याच प्रोग्रॅममध्ये आहे."

"आणि ते तपासायला तुम्ही स्वतःचं एक मिनिट सांगितलं का नाही?" गिरिजाने विचारलं. "सकाळीच सांगितलं असतंत, तर उत्तनची फॅक्टरी सकाळीच बंद झाली असती."

म्हात्रे खाली पडलेला रुमाल उचलायला वाकले.

"हे दोनच म्हणताहेत म्हणून मी मानणार नाही," गिरिजा डेन्झिलला म्हणाली. "यादीतल्या प्रत्येकाला फोन करा. बोर्ड तपासून होईपर्यंत अमोनियाच्या खोलीत कुणी पाय ठेवायचा नाही."

डेन्झिल आणि निकेत दोघेही फोनला भिडले. टॅनिया मात्र भिंतीला टेकून उभी होती. कोण पकडलं गेलं, कोण सुटलं, तिला कशाचंच सोयरसुतक उरलं नव्हतं. आईचा फोन लागत नव्हता. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. आपणच आईला त्या दारात पाठवलं, आता दोघंही आत असतील, हा विचार तिच्या डोक्यातून हलेना.

मग हातातला फोन वाजला. तिने घाईने बटण दाबलं ते स्पीकरचं.

आधी नुसता खोकला ऐकू आला. लांबलचक, फुप्फुसं बाहेर येतील असा. मागे ग्रेसी कुणालातरी पाणी आणायला ओरडत होती.

"बाय," रेमंड म्हणाला. "बरा हाय मी. डोल्यांतना पानी येतंय, बाकी काय न्हाय. तुजे मम्मीने दारातना बोंब मारली तवा आलो भायेर. पोरं बी आलीत सगली."

"पप्पा!" टॅनिया ओरडली. "गॅस होता आत?"

"व्हता ना. मशीनच्या मागना सुटलेला."

"तुला वास आला नाही?"

"सकाळपास्ना येत व्हता गो. पन तुजा डबा गप व्हता." त्याला पुन्हा उबळ आली. "मला वाटला, पोरीचा डबा खोटा कसा बोलंल? माजा नाकच म्हातारा झाला."

गाळ्यात सगळ्यांनी ते ऐकलं. गुणवंत म्हात्र्यांनी तोंड फिरवलं. हवालदाराने त्यांचा दंड धरला तेव्हा ते मुकाट्याने उठले.

सकाळपासून टॅनिया पोलिसांना घाबरली होती, लोकांना घाबरली होती, तुरुंगाला घाबरली होती. पण बाप तिच्या डब्यावर विश्वास ठेवून त्या खोलीत बसून राहिला होता, याची भीती त्या सगळ्यांहून मोठी होती.

"पप्पा," ती शेवटी म्हणाली, "मी येते. तोवर तू आत जाऊ नको."